पुढे वाकलेली पाती

गोंदूरच्या धावपट्टीवर काळ्या रेघा आहेत,
टायरांनी मारलेल्या. मला त्या वाचता येतात.
लांब, सरळ रेघ: पोरगं ब्रेकवर उभं राहिलं.
तुटक रेघ, मग कोरं, मग पुन्हा तुटक:
विमानाचा चेंडू झाला होता.
डावीकडे गवतात गेलेली ती हिसारच्या कुलवंतची.
त्या दिवशी लळिंगाकडून वारा आडवा होता
आणि त्याला वाटलं, टेकेपर्यंत थांबेल.

मी दगा मिस्तरी.
वीस वर्षं आग्रा रोडवर ट्रकचे पत्रे ठोकले,
आता ॲल्युमिनियम ठोकतो, हलक्या हाताने.
विमानात कधी बसलो नाही.
कोणी बस म्हटलं नाही असं नाही,
पण कुठला खिळा कधी बदलला हे ज्याला पाठ,
त्याने वर कशाला जायचं.

एप्रिलची दुपार. शेजारच्या शेतात
उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग.
अशा वेळी डांबर विमानाला खाली येऊ देत नाही,
तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसं नाचवतं.

मृणाल ठोसर, अकोल्याची. एकटीने उडायची चौथी खेप.
कॅप्टन कुरियन रेडिओपाशी,
चहाच्या ग्लासवर बशी झाकून.

पहिला ठप्पा जोरात बसला.
विमान उसळलं, पुरुषभर.
तिने नाक खाली दाबलं.
सगळेच दाबतात.
घाबरलेल्या माणसाला जमीन लवकर हवी असते.
दुसरा ठप्पा पुढच्या चाकावर.
तिसऱ्याला आवाज चाकाचा नव्हता,
भांड्यांची मांडणी कोसळावी तसा,
आणि मग नुसत्या टिटव्या.

धावलो. ती खाली उतरून उभी होती,
हेडसेट गळ्यात, पंखाला धरून,
बिथरलेल्या म्हशीला धरावं तशी.
नखालाही लागलं नव्हतं.
"काय व्हयनं बाई?" मी म्हटलं.
तिला अहिराणी कळत नव्हती.
"सॉरी," ती म्हणाली. माझ्याकडे नाही, पत्र्याकडे बघून.

संध्याकाळी चौकशी.
कॅप्टननी विचारलं, परत वर जायचा प्रयत्न केलास?
ती म्हणाली, आठवत नाही.
त्यांनी लिहिलं: नाही.

मी हँगरात पात्यांवरून हात फिरवत होतो.
इंजिन मंद असताना पातं जमिनीला लागलं
तर टोकं मागे मुडपतात, भिजल्या पानासारखी.
ही पुढे वळली होती. दोन्ही.
म्हणजे इंजिन पूर्ण जोरात होतं.
म्हणजे तिने मूठ आतपर्यंत ढकलली होती,
जमीन लागायच्या आधी,
श्वास घ्यायलाही पुरणार नाही एवढा आधी.
तिला आठवत नव्हतं. उजव्या हाताने केलं होतं.

कॅप्टनला बोलावून आणलं. फार बोललो नाही.
बॅटरी धरली.
त्यांनी अंगठ्याने टोक चाचपलं,
पुन्हा चाचपलं.
"उशीर झाला होता," ते म्हणाले.
"उशीर व्हयना," मी म्हटलं, "पन नही लिखू नका साहेब."
ते गेले. वहीत एक शब्द खोडला की नाही
मी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी मात्र मृणाल हँगरात आली
आणि बराच वेळ त्या पात्यांसमोर उभी राहिली,
उजवा हात डाव्या हातात धरून.

नवा पंखा लाकडी पेटीतून आला.
जुना मागच्या भिंतीला टेकवलाय,
त्याच्या वाकड्या टोकाला मी डब्याची पिशवी अडकवतो.

सात आठवड्यांनी ती त्याच विमानात बसली.
मी बघत नाही. पाठ करून
कळण्याची भाकर मोडत बसलो, कान पट्टीवर.
इंजिन मंद झालं.
मग बराच वेळ काही नाही,
जमीन हातभर खाली असते
आणि तिच्याकडे धावायचं नसतं, तो वेळ.
मग चाकं वाजली. एकदा.
आणि पुन्हा एकदा, जरा हळू.

दोनदा.
चालतंय.
मी घास तोंडात घातला.